ऑपरेशन झालेली कंबर, न सुकलेला टाका आणि तुईना

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. यजमानांचं वय ४२, नोकरी शांघायला. सात आठवड्यांपूर्वी पुण्यात कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधल्या गादीचं ऑपरेशन झालं, मायक्रोडिस्केक्टमी. पायातली कळ गेली, पण डाव्या पायाच्या अंगठ्याला अजून मुंग्या येतात आणि सकाळी कंबर लाकडासारखी आखडलेली असते. टाक्याच्या खालच्या टोकाला मधूनच ओल दिसते, बनियनला पिवळसर डाग पडतो. शुगर आहे, गोळी चालू आहे. शेजारच्या आजींनी सांगितलं, की तुईना, म्हणजे चिनी मालिश, करून घ्या, रक्त फिरलं की जखम भरेल आणि मणकाही जागेवर बसेल. तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानातलं दहा बैठकांचं कार्ड घ्यावं का, असं तुम्ही विचारलं आहे.

कार्ड आत्ता घेऊ नका. तुईनाबद्दल माझ्या मनात आदर आहे, मी ती शिकले आहे आणि गेली सोळा वर्षं रोज करते आहे. तरीही आत्ता नको, आणि नंतर घ्याल तेव्हाही आजी म्हणतात त्या दोन कारणांसाठी नको. उत्तर लांबणार आहे, कारण तुमच्या एका प्रश्नात तीन वेगळे प्रश्न गुंतले आहेत. ओल येणाऱ्या टाक्याचं काय करायचं, आखडलेल्या कंबरेचं काय करायचं, आणि मणक्यावर हाताने काय होऊ शकतं. पहिल्याचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढच्या दोघांकडे वळता येत नाही.

आधी मी हे कुठून सांगते आहे ते सांगते. मी पुण्यात फिजिओथेरपी शिकले, मग शांघायला जाऊन तीन वर्षं तुईना शिकले. पहिले चार महिने आम्हाला माणसाला हात लावू दिला नाही. प्रत्येकाला तांदळाने भरलेली एक लांबट पिशवी मिळाली होती. तिच्यावर ‘गुन’ करायचा. म्हणजे करंगळीच्या बाजूने हाताची पाठ टेकवायची आणि मनगटातून लोळवायची, मिनिटाला १२० ते १६० वेळा, जागेवरून न घसरता. आमचे शिक्षक पिशवीखाली स्वतःचा तळवा सरकवून डोळे मिटून बसायचे आणि म्हणायचे, “आता खांदा लावलास. आता घसरलीस.” महिन्याभरात तांदळाचा भुगा शिवणीतून गळायला लागला, तेव्हा कुठे त्यांनी पिशवी बदलून दिली. ही ‘गुन’ची पद्धत फार प्राचीन नाही. शांघायमध्येच १९४० च्या दशकात दिंग जीफंग यांनी ती बसवली, त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या अंगठ्याच्या पद्धतीतून. बोटाच्या टोकाने पाठीवर पुरेसा जोर पोचत नाही आणि रोग्याला टोचतं, म्हणून त्यांनी हाताची पाठ वापरायला सुरुवात केली. आज चीनमधल्या कुठल्याही तुईना विभागात कंबरेच्या रोग्यावर पहिला हात पडतो तो बहुधा याचाच.

हे सांगायचं कारण असं, की ‘चिनी मालिश’ म्हटलं की लोकांना ती एकच वस्तू वाटते. ती तशी नाही. ‘तुई’ म्हणजे ढकलणं आणि ‘ना’ म्हणजे चिमटीत धरून उचलणं. त्याखेरीज दाबणं आहे, मळणं आहे, गोल गोल चोळणं आहे, लोळवणं आहे, सांधा हलकेच फिरवणं आहे, ताणणं आहे, आणि शेवटी ‘बान’ आहे, म्हणजे सांध्याला पीळ देऊन हिसका देणं. आपल्याकडेही चेपणं, चोळणं, रगडणं आणि मुरगाळणं यांत फरक आहे आणि आजी आपल्या नातवाला रगडत नाही. तेव्हा ‘तुईना चालेल का’ असं न विचारता यातला कुठला हात, कुठे आणि कितव्या आठवड्यात, असं विचारायचं.

आता जखम. आजींच्या म्हणण्यामागे एक जुनं सूत्र आहे. चिनीत ‘वाहणं’ या अर्थाचा शब्द ‘थुंग’ आणि ‘दुखणं’ या अर्थाचाही ‘थुंग’, फक्त सूर वेगळा. त्यावरून म्हण पडली आहे, की वाहतं तिथे दुखत नाही, दुखतं तिथे वाहत नाही. मुका मार, लचक, उसण, सुजून कडक झालेला स्नायू, इथे हे सूत्र कामाचं आहे आणि मी रोज त्याप्रमाणे वागते. पण उघड्या जखमेला ते लावायचं नाही, हे त्या परंपरेनेच सांगून ठेवलं आहे. १७४२ मध्ये चिनी बादशहाच्या आज्ञेने तयार झालेल्या वैद्यकाच्या मोठ्या ग्रंथात हाडं बसवण्याच्या आठ पद्धती दिल्या आहेत. त्यांत तुई आणि ना आहेत, दाबणं-चोळणंही आहे. आणि तिथे स्पष्ट म्हटलं आहे, की दाबणं-चोळणं हे कातडी-मांसाला मार लागून सूज, कडकपणा, बधिरपणा आहे पण हाड मोडलेलं नाही, अशा दुखण्यासाठी. वाहत्या जखमा आणि गळवं यांचं शास्त्र चीनमध्ये वेगळं होतं, लेपांचं आणि पट्ट्यांचं. आजच्या चिनी पाठ्यपुस्तकातही तुईना कुठे करू नये या यादीत उघडी जखम, भाजलेली कातडी, पू आणि रक्तस्रावाचा आजार अगदी वर असतात.

शरीराच्या बाजूनेही बघा. जखमेला रक्त लागतं हे खरंच आहे. पण ते हाताने ढकलून येत नाही. जखमेच्या तळाशी केसांहून बारीक नव्या रक्तवाहिन्या फुटतात, त्यांच्याभोवती कोवळं लाल मांस धरतं, मग त्यात तंतू विणले जातात. या रक्तवाहिन्या इतक्या नाजूक असतात, की ड्रेसिंगची सुकलेली पट्टी ओढून काढली तरी फुटतात. तिथे चोळणं म्हणजे विणलेलं उसवणं. आणि वरून बंद झालेल्या टाक्यातही लगेच जोर नसतो. तिसऱ्या आठवड्यात त्या जागेची ताकद मूळ कातडीच्या साधारण २० ते ३० टक्के असते, तीन महिन्यांनी फार तर ८० टक्के, आणि पूर्ववत ती कधीच होत नाही.

पण तुमच्या बाबतीत मला मालिशपेक्षा ओलीचीच काळजी जास्त आहे. असा छोटा, सरळ छेद दहा ते चौदा दिवसांत मिटून कोरडा व्हायला हवा. सात आठवड्यांनी डाग पडत असेल तर त्याला कारण असतं. बऱ्याचदा ते साधं असतं, आत विरघळणारा दोरा कातडीला मानवत नाही आणि त्याची गाठ बाहेर यायला बघते. कधी वरवरचा जंतुसंसर्ग असतो. कधी शुगर वर गेलेली असते आणि कातडी भरायलाच आळसावते. आणि क्वचित, पण विसरून चालणार नाही असं, आतल्या गादीलाच संसर्ग झालेला असतो. सकाळचा आखडलेपणा, जो तुम्हाला स्नायूंचा वाटतो आहे, तो या शेवटच्या कारणानेही असू शकतो. म्हणून ज्यांनी ऑपरेशन केलं त्या सर्जनना आजच फोटो पाठवा, आणि शांघायमध्ये एखाद्या हॉस्पिटलच्या अस्थिरोग विभागात जखम प्रत्यक्ष दाखवा. शरीरात सूज किंवा संसर्ग आहे का ते सांगणाऱ्या सीआरपी आणि ईएसआर या रक्ततपासण्या, आणि तीन महिन्यांची सरासरी शुगर, म्हणजे एचबीएवनसी, हे ते बहुधा करायला सांगतील. नाही सांगितल्या तर विचारा.

आणि वाट बघायची नाही अशा गोष्टी इथेच सांगून ठेवते. ताप किंवा हुडहुडी. रात्री झोपेतून उठवणारी, कूस बदलली तरी न थांबणारी कंबरदुखी. पाण्यासारखा पातळ स्राव आणि उठून बसलं की डोकं दुखणं, आडवं झालं की थांबणं. यात मज्जारज्जूच्या आवरणातून पाणी गळत असण्याची शक्यता असते. पाऊल उचलताना चप्पल फरफटणं. मांड्यांच्या आतली, बैठकीची जागा बधिर होणं, लघवी अडणं किंवा नकळत होणं. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

तेलांबद्दल एक सूचना. तिथे घरोघरी लाल फुलांचं तेल असतं, हाडं-सांध्यांसाठीचा एक तीव्र वासाचा अर्कही असतो. कापूर, पुदिन्याचा अर्क, विंटरग्रीन, असं त्यांत असतं. मुक्या मारावर ही चांगली आहेत. टाक्यावर किंवा त्याच्या आसपास अजिबात नकोत, ती तुटलेल्या कातडीतून भसकन आत शिरतात आणि आग करतात. घरात कुणी रक्त पातळ करण्याची वॉरफरिन घेत असेल, तर विंटरग्रीनचं तेल रोज चोळल्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो, हेही लक्षात असू द्या.

थोडं विषयांतर करते, पण हे मला प्रत्येक वेळी सांगावंसं वाटतं, कारण जखम आणि मालिश यांचा सगळ्यात वाईट घोटाळा इथे होतो. मणक्याच्या दुखण्याने महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडावर लाली दिसते आणि घरची माणसं मायेने ती जागा तेल लावून चोळतात. पूर्वी नर्सिंगमध्येही तसं शिकवत. आता जगभरच्या मार्गदर्शक सूचना एकमुखाने नको म्हणतात. त्या लालीखाली हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये मांस आधीच चिरडलेलं असतं, चोळल्याने ते आणखी फाटतं आणि दोन दिवसांत वरची कातडी उघडते. तिथे औषध एकच, त्या जागेवरचं वजन काढणं, साधारण दर दोन तासांनी कूस बदलणं. बोटाने दाबून बघा. लाली क्षणभर पांढरी होऊन परत आली तर अजून वेळ हातात आहे. दाबूनही लालच राहिली तर बेडसोअर सुरू झालेला आहे, डॉक्टरांना बोलवा. हात चालवायचाच असेल तर तळहातांवर, तळपायांवर, खांद्यांवर चालवा. माणसाला बरं वाटतं आणि जखमेचं काही बिघडत नाही.

तुमच्याकडे परत येते. समजा दोऱ्याची गाठ निघाली, जागा पूर्ण कोरडी झाली, खपली आपोआप पडली. त्यानंतर किमान दोन आठवडे जाऊ द्या आणि सर्जनची परवानगी घ्या. मग व्रणावर हात चालतो, आणि इथे तो खरोखर उपयोगी आहे. छेद जिथून गेला तिथे कातडी, चरबी, त्याखालचा पांढरा पडदा आणि स्नायू हे सगळे थर एकाच चिकट जोडणीने सांधले जातात. पुढे वाकताना ते एकमेकांवरून घसरायला हवेत, तसे घसरत नाहीत आणि माणसाला वाटतं, की कुणीतरी आतून धरून ठेवलं आहे. तपासायचं असं: व्रणाच्या शेजारी दोन बोटं टेकवायची आणि बोटं न घसरवता कातडी वर, खाली, आडवी सरकवून बघायची. मग चार बोटं लांब, न कापलेल्या जागी तेच करायचं. फरक बोटाला लगेच कळतो. व्रणापाशी कातडी एका विशिष्ट दिशेला अडते. त्या दिशेला अडेपर्यंत न्यायचं, वीस-तीस सेकंद नुसतं थांबायचं, सोडायचं. दाब किती, तर नखाभोवतीची कातडी पांढुरकी होईल इतकाच. दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी पाच-दहा मिनिटं. पुढे काही आठवड्यांनी व्रण अंगठा आणि तर्जनीत धरून, पुरणपोळीची कड उचलावी तितक्या हलकेपणाने उचलायचा आणि लाटेसारखा पुढे न्यायचा. चिनी बालरोगात लहान मुलांच्या पाठीच्या कण्यावर असंच कातडी उचलत नेतात, तीच ही पद्धत मी व्रणासाठी वापरते. दुसऱ्या दिवशी जागा लाल, गरम किंवा जास्त दुखरी वाटली तर जोर जास्त झाला, तीन दिवस थांबायचं. हे तुम्ही घरी करू शकता, त्यासाठी दुकानाची गरज नाही.

व्रणाच्या मालिशवर झालेले अभ्यास लहान आहेत आणि त्यांची पद्धत एकसारखी नाही, त्यामुळे ‘सिद्ध झालं आहे’ असं मी म्हणणार नाही. ऑपरेशनच्या व्रणांत निकाल भाजलेल्या व्रणांपेक्षा बरे दिसतात. माझ्या हाताचा अनुभव असा, की सुरुवात तीन-चार महिन्यांच्या आत झाली तर फरक पडतो, दोन वर्षांच्या जुन्या, पांढऱ्या व्रणात फारसा नाही.

आता मणका जागेवर बसणं. तुमच्या आजीच नाहीत, आपल्याकडचे हाडवैद्यही हेच म्हणतात, आणि मला हे शांतपणे समजावून सांगायला आवडतं, कारण चुकीच्या चित्रामुळे माणसं चुकीच्या हाताखाली जातात. गादी ‘सरकते’ म्हणजे टेबलाच्या खणासारखी सरकत नाही. तिच्याभोवतीच्या चिवट कड्याला चीर जाते आणि आतला मऊ भाग बाहेर डोकावतो, शेजारच्या नसेला डिवचतो. बाहेरून दाबून तो आत ढकलता येत नाही. हाताच्या आणि त्या जागेच्या मध्ये कातडी, जाड स्नायू आणि हाडाची कमान असते. मग लोकांना तुईनाने बरं कसं वाटतं? एक तर नस चिडली की कंबरेचे स्नायू दिवसरात्र आकसून बसतात, आणि निम्मं दुखणं त्यांचंच असतं. ते सुटले की माणूस चालायला लागतो, झोपतो. दुसरं म्हणजे बाहेर आलेला भाग शरीर स्वतःच बऱ्याचदा काही महिन्यांत शोषून घेतं. पायात उतरणारी सायटिका पुष्कळ जणांची सहा ते बारा आठवड्यांत आपोआप उतरते. त्या काळात जो उपचार चालू असेल त्याला श्रेय मिळतं, माझ्या हातालाही मिळतं. कंबरदुखीवर मालिशचा फायदा होतो असं दाखवणारे अभ्यास आहेत, पण फायदा थोड्या काळाचा आणि पुरावा दुबळा, असंच प्रामाणिकपणे म्हणावं लागतं.

यजमानांच्या बाबतीत तर तो डोकावलेला भाग सर्जननी काढलेलाच आहे. बसवायला आत काही उरलेलंच नाही. उरली आहे ती आतली जखम. ताई, हे मात्र नीट लक्षात घ्या. बाहेरचा टाका तुम्हाला दिसतो, म्हणून त्याची काळजी वाटते. पण कड्याची जी चीर आहे ती बहुतेक वेळा शिवलेली नसते, ती स्वतःच भरायची असते. आणि गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळपास नसतोच, त्यामुळे ती कातडीच्या कितीतरी मागे राहते. शंभरातल्या पाच ते पंधरा जणांची गादी त्याच जागी पुन्हा बाहेर येते. त्या कड्याला सगळ्यात न सोसणारी गोष्ट म्हणजे वाकलेल्या कंबरेला दिलेला पीळ. आणि ‘बान’ म्हणजे नेमकं तेच. कुशीवर झोपवतात, वरचा खांदा मागे आणि वरचं ढुंगण पुढे दाबतात, हिसका देतात, ‘कट्’ आवाज होतो आणि सगळ्यांना समाधान वाटतं. तो आवाज हाड बसल्याचा नसतो, सांध्यातल्या द्रवात एकाएकी पोकळी झाल्याचा असतो. माझ्याकडे ऑपरेशननंतर अकराव्या आठवड्यात असा हिसका घेऊन आलेले एक गृहस्थ होते. टेबलावरून उठताना त्यांना फार मोकळं वाटलं होतं. संध्याकाळी जुनी कळ पायात परत उतरली आणि महिन्याभरात दुसरं ऑपरेशन झालं. हिशेब मांडला तर हिसका दिला नसता तरी कदाचित तसंच झालं असतं. पण तेव्हापासून ऑपरेशन झालेल्या भागाला मी कधीच हिसका देत नाही, वर्ष उलटलं तरी नाही.

म्हणून दोन वाक्यं पाठ करून ठेवा. ‘याओ-च्वेई दुंग-क्वो शौ-शू’, कंबरेच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आहे. आणि ‘बू याओ बान’, हिसका नको. दुसरं वाक्य उपचार सुरू व्हायच्या आधी म्हणायचं, कुशीवर वळवल्यावर नव्हे. मानेसाठीही हेच. मानेला झटका देऊन मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होणं दुर्मीळ आहे, पण झालं तर भरून न येणारं असतं.

मग आखडलेल्या कंबरेचं आत्ता काहीच करायचं नाही का? करायचं. तुईनाची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच, की दुखणं जिथे आहे तिथेच हात ठेवावा लागतो असं नाही. जुन्या चिनी वैद्यांचं एक पद्य आहे, त्यात म्हटलं आहे, की कंबर आणि पाठ यांच्यासाठी ‘वेई-चुंग’ शोधा. हा बिंदू गुडघ्याच्या मागे, घडीच्या बरोबर मध्ये. मांडीच्या मागचे स्नायू इथे येऊन संपतात, आणि ते आखडले की ओटीपोटाचं हाड खाली ओढलं जातं आणि कंबरेवर ताण येतो. पद्याला हे शरीरशास्त्र ठाऊक नसेल, पण हात बरोबर जागी जातो. तिथून मोठी रक्तवाहिनी जाते, म्हणून अंगठा रुतवायचा नाही, तळव्याने मांडीच्या मागे खालून वर हलकं मळायचं. नितंबाच्या बाहेरच्या बाजूला, व्रणापासून वीतभर लांब, ‘गुन’ करता येतो. पोटरीला हात लावण्याआधी दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी बघा. एक जास्त सुजलेली, गरम, दाबल्यावर दुखणारी असेल तर अजिबात चोळू नका. ऑपरेशननंतर तिथे रक्ताची गुठळी होऊ शकते आणि चोळल्याने ती सुटू शकते. थेट डॉक्टरांकडे जा.

आणि पोट. कंबरेच्या रोग्याला मी हमखास विचारते, शौचाला साफ होतं का. वेदनाशामक गोळ्यांनी कोठा जड होतो, माणूस कुंथतो, आणि कुंथताना गादीवरचा दाब वाढतो. उताणं झोपून, गुडघ्यांखाली उशी घेऊन, बेंबीभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने तळवा फिरवायचा, सकाळी कोमट पाणी प्यायल्यावर दहा मिनिटं. याला ‘मो’ म्हणतात. पोटाचं ऑपरेशन झालेलं नसेल आणि पोटात काही दुखणं नसेल तर निर्धास्त करा. शिवाय सर्जननी दिलेलं चालणं वाढवत न्या. आखडलेपणावर चालण्याइतका गुण माझ्या हातालाही नाही.

पुढे तुईना घ्यायची ठरली तर कुठे, हेही शांघायमध्ये महत्त्वाचं आहे. पाय धुऊन चेपून देणारी दुकानं थकवा घालवायला ठीक, ऑपरेशन झालेल्या माणसाने तिथे कंबर देऊ नये. दुसरी अंध मालिशकारांची दालनं. चीनमध्ये दृष्टिहीनांना हे शिक्षण पद्धतशीर देतात, बीजिंगमध्ये १९५८ पासून त्यांचं मोठं रुग्णालयच आहे, आणि माझ्या पाहण्यातले सर्वांत जाणते हात काही अंध वैद्यांचेच होते. पण सगळी दालनं वैद्यकीय नसतात. तिसरी जागा हॉस्पिटलमधला तुईना विभाग, ‘तुईना-ख’. तिथला डॉक्टर पाच वर्षांचा ॲक्युपंक्चर-तुईनाचा अभ्यासक्रम करून परवाना घेतलेला असतो, तो तुमचा एमआरआय मागतो आणि वाचतो. तुम्ही तिथेच जा. अंगावर कपडे असतात, वरून सुती चादर घालतात, तेल लागत नाही. जोडीला कपिंग, म्हणजे कातडीवर पेले चिकटवून ओढणं, किंवा जळत्या औषधी वातीचा शेक देऊ केला तर शुगर आहे आणि पायाला मुंग्या आहेत हे सांगून नाही म्हणा. बधिर कातडीला चटका कळत नाही आणि शुगरमध्ये तो फोड महिनाभर पुरतो.

त्या विभागात शिकताना माझ्या टेबलावर एक नव्वदीचे आजोबा यायचे. मी महाराष्ट्रातली म्हटल्यावर ते उठून बसले आणि म्हणाले, “के दी-ह्वा!” सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. १९३८ मध्ये ते युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. शांघायमध्ये तुम्हालाही कधी कुणी हे नाव सांगेल. चौकशी आपुलकीची असते, कंबर तेवढी परवाना बघूनच सोपवा.

माझं उत्तर कशामुळे बदलेल तेही सांगते. ऑपरेशनमध्ये स्क्रू आणि पट्ट्या घातल्या असतील तर हाड जुळल्याचं एक्स-रेमध्ये दिसेपर्यंत, म्हणजे सहा महिने ते वर्ष, पाठीवर जोराचा हात नको. हाडं ठिसूळ असतील, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, कुठे कर्करोग होऊन गेला असेल, तर प्रत्येक वेळी हिशेब वेगळा. आणि ऑपरेशन न झालेल्या पाठदुखीतही आपल्याकडच्या एका गोष्टीची आठवण ठेवावी लागते. पुण्यात माझ्याकडे एक तरुण आला होता, पाच महिने एका ठिकाणी पाठ रगडून घेत होता. संध्याकाळी बारीक ताप, वजन आठ किलोने घटलेलं, आणि पाठीच्या एकाच मणक्यावर बोटाने हलकं ठोकलं की तो कळवळायचा. मी मालिश केलं नाही, एमआरआयला पाठवलं. मणक्याचा टीबी निघाला. औषधांनी तो बरा झाला, पण त्या पाच महिन्यांत मणक्याला आलेला बाक राहिला. रगडणाऱ्याने वाईट हेतूने काहीच केलं नव्हतं, फक्त तापाबद्दल विचारलं नव्हतं.

तेव्हा सध्या एवढंच करा. टाक्याचा फोटो रोज एकाच वेळी, एकाच उजेडात काढा, शेजारी एक युआनचं नाणं धरा म्हणजे आकार कळेल, नाणं जखमेला टेकू देऊ नका. बनियनवरच्या डागाचाही फोटो ठेवा, रंग आणि ओल सर्जनना त्यावरून कळते. सकाळी उपाशीपोटीची शुगर आणि संध्याकाळचा ताप लिहून ठेवा. तपासण्यांचे आकडे हातात आले, की इथेच कळवा. जागा सुकली असेल तर कातडी कुठल्या दिशेला अडते तेही बघून सांगा, मग पुढचा हात कसा ठेवायचा ते सांगेन.